चालत्या पायांनी

आमच्या घरातला टाइपरायटर जुन्या गोधडीच्या चार पदरी घडीवर ठेवलेला असे. नाशकातल्या इंदिरानगरच्या त्या तीन मजली इमारतीच्या भिंती पातळ होत्या आणि आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर राहणाऱ्या सुमनमावशींना दुपारची झोप प्रिय होती, म्हणून आईने ती सोय केली होती. तरीही त्याचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत उतरत असेच. कॉलेजातून परतताना पहिल्या पायरीवर पाय ठेवला की मला ओळखता येई, आई घरी आहे की नाही. आईचे टंकन सलग चाले, परातीत कोणी तांदूळ ओतावेत तसे. माझे मात्र खडे निवडल्यासारखे, थांबत थांबत. त्या दोन आवाजांतले अंतर कमी करणे हेच त्या वर्षीचे माझे ध्येय होते, कारण मला ‘मराठी तीस’ची परीक्षा द्यायची होती, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. आणि त्याहून खरे कारण असे, की टाइपरायटरसमोर बसले म्हणजे कोणाशी बोलावे लागत नसे.

मी बोलण्यात पहिल्यापासून कमी. चारचौघांत कोणी नाव विचारले तरी मी आईकडे बघे. लिहायलाही मी पन्नाशी उलटल्यावर बसले आहे, आणि अजूनही प्रत्येक वाक्यानंतर वाटते की हे आपण सांगावे इतके आपले आहे का? पण पुढची हकीकत मला ठाऊक आहे तशी आता दुसऱ्या कोणाला ठाऊक उरलेली नाही. म्हणून धीर करते.

आई शहरातल्या एका कोर्टात लघुलेखक होती. साहेब सांगत ते ती लघुलिपीत उतरवून घेई आणि मग टाइप करी. तिचे टेबल न्यायासनाच्या उंचवट्याखाली, त्याला लागूनच होते. खुर्ची बुटकी, टेबलावर यंत्र आणि दोन्ही बाजूंना लाल फडक्यात बांधलेल्या फायलींचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांमुळे समोर उभ्या राहणाऱ्या माणसाचे तोंड तिला दिसत नसे. टेबलाच्या कडेखालून दिसत ते फक्त पाय. “मी माणसं पायांनी ओळखते,” असे ती हसून म्हणे. जेवताना ती आम्हाला त्या पायांच्या गोष्टी सांगे: नव्या बुटांचे करकरणारे पाय, एका पायावर भार टाकून खोटे बोलणारे पाय, जामीन मिळाल्याबरोबर बोटे हलवणारे पाय. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर जात, त्यांच्या शर्टाच्या कॉलरीत बारीक करडी राख असे, आणि ती झटकत ते म्हणत, “तुझ्या साहेबाला सांग, तोंडं तुम्ही बघा, पाय मी बघते, मिळून एक माणूस होतो.” आईचे हसणेही हळू असे. तिचा आवाज चढलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता.

सुमनमावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या, पण नात्यातले कोणी त्यांच्याइतके आमच्या घरात नव्हते. त्या सटाण्याकडच्या. नवरा गेल्यावर मुलाच्या नोकरीपायी नाशकात आल्या. मुलगा सिन्नरच्या कारखान्यात, सकाळी जाई तो अंधार पडल्यावर येई. दिवसभर मावशी आणि त्यांचे स्वयंपाकघर. आईची नोकरी असल्याने माझे दुपारचे खाणे पुष्कळदा त्यांच्याकडेच होई. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, तिच्यावर ठेचा आणि कच्च्या तेलाची धार. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, अर्धवट ओल्या असतानाच मी पळवत असे. “काय करी ऱ्हायनी वं पोरी?” त्या खालूनच ओरडत, आणि मी तोंडातला घास लपवून म्हणे, “काही नाही मावशी.” “काही नाही कसं? मला चावण्याचा आवाज येई ऱ्हायना!” एरवी त्यांची मराठी शहरातल्यासारखीच होती, पण राग आला, लाड आले किंवा काही दुखले की त्यांची गावाकडची अहिराणी आपोआप वर येई.

माझ्या सरावाचे कागद आई कोर्टातून आणी. पोलिसांनी कोणाला अटक केली की त्याला दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभे करावे लागते, आणि साहेबांनी त्याला विचारायचे असते, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. उत्तर कागदावर यावे लागते. आईच्या सोळा वर्षांच्या नोकरीत ते उत्तर जवळपास नेहमी एकच आले होते. म्हणून तिने, आणि तिच्या आधीच्यांनीही, एक सोय करून ठेवली होती. आरोपीचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक आणि तारीख एवढ्या जागा कोऱ्या सोडायच्या आणि बाकीचा मजकूर आधीच टाइप करून गठ्ठा तयार ठेवायचा. सोमवारी सुट्टीनंतरची गर्दी असे, तेव्हा त्या गठ्ठ्याने तासभर वाचे. हा गठ्ठा मी टाइप करू लागले. दोन कार्बन घालून तीन प्रती. ‘आरोपीस विचारणा केली असता पोलिसांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही असे सांगतो.’ सुरुवातीला त्यातली जोडाक्षरे मला अडवत. मग तेच वाक्य माझ्या बोटांना सर्वांत आधी पाठ झाले. डोळे मिटून ते मला टाइप करता येई. आई घड्याळ लावून बसे आणि म्हणे, “हे वाक्य तुझं पन्नासच्या वेगाने येतं. बाकीचं तसं आलं की झालं.” मला त्याचा अभिमान वाटे.

त्या वर्षी दिवाळीच्या थोडे आधी सुमनमावशी भाजी घेऊन परतत असताना कोणीतरी मागून त्यांच्या गळ्यातली साखळी ओढली. साखळी लवकर तुटेना तेव्हा त्याने त्यांना ढकलले. रस्त्याच्या कडेच्या दगडावर पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. मी धावत गेले तेव्हा मेथीची जुडी त्यांच्या छातीवर तशीच होती आणि त्या कोणालाही हात लावू देत नव्हत्या. “मनी साखळी, मनी साखळी,” माझी साखळी, एवढेच चालू होते. नवऱ्याने पहिल्या पगारातून केलेली ती साखळी. शस्त्रक्रिया झाली, हाडात खिळे बसले आणि त्यांना घरी आणले. बाजेवर सरळ झोपलेल्या, कुशीवरही वळू न शकणाऱ्या मावशींना मी चमच्याने पेज भरवली आहे. मनात त्या माणसाविषयी काय काय येई ते आज लिहितानाही लाज वाटते. पण येई, हे लिहिलेच पाहिजे.

आठवड्याभरात माणूस सापडला. सिन्नरकडचा, बांधकामावर बिगारी काम करणारा. गुरुवारी त्याला आईच्याच कोर्टात आणले. त्या संध्याकाळी आई पर्स न ठेवताच खाली गेली. “सुमनताई, आणला होता आज. साहेबांनी चार दिवस पोलीस कोठडी दिली.”

“कसा शे?” मावशींनी विचारले.

“मला काय, पायच दिसले. निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला. उजव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला.”

“चांगला सोलून काढा म्हणावं. माझ्यासारखा पडून राहू दे त्याला बी.”

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, “चार फटके बसल्याशिवाय बोलत नाहीत हे. साखळीचा पत्ता काढतील बघा.” आईने मावशींच्या पायाखालची उशी नीट केली. मी मात्र मनात म्हटले, चार का, दहा बसू देत. आणि वर जाऊन सोमवारचा गठ्ठा टाइप करायला बसले.

सोमवारी आई तो गठ्ठा घरीच विसरली. मला सुट्टी होती. बसने कोर्टात जाऊन तो तिला द्यायचा एवढेच काम होते. दारातल्या शिपायाशी बोलावे लागू नये म्हणून मी एका वकिलाच्या मागोमाग आत शिरले. आईने गठ्ठा घेतला, मागच्या बाकाकडे बोट दाखवले आणि एक कागद यंत्रावर चढवला. माझा कागद. मी टाइप केलेला, थोडा डावीकडे कललेला. आईच्या टेबलापासून मी पंधरा-वीस पावलांवर असेन. पंखा करकरत होता. साहेब मध्यम वयाचे, सौम्य. सर्दी असावी, स्टीलच्या फुलपात्रातून गरम पाणी पीत होते. पुकारा झाला.

माणूस आत आला तो दोन हवालदारांच्या मध्ये, दोघांनी बखोटीला धरलेला. माझ्या वडिलांच्याच वयाचा, पण अंगाने अर्धा. त्याच्या उजव्या हातात निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला होत्या. मला वाटले, कोर्टात येताना आदराने काढल्या असतील. खेड्यातली माणसे काढतात.

साहेबांनी फायलीतून मान वर न काढता विचारले, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?”

“नाय साहेब.”

“मारहाण वगैरे?”

“नाय साहेब. काहीच नाय.”

फौजदार पुढे झाले आणि आणखी कोठडी हवी म्हणून सांगू लागले. अजून काही गुन्हे उघड व्हायचे आहेत. आई त्या माणसाचे नाव टाइप करत होती. तिचा तो सलग आवाज घराबाहेर, इतक्या लोकांत ऐकताना मला आपल्याच अंगावर कोणी शाल घालावी तसे वाटत होते. आणि तो थांबला. मधल्याच अक्षरावर. लहानपणापासून तो आवाज ऐकणाऱ्या मला प्रथम वाटले की फीत अडकली.

आई उभी राहिली.

“साहेब,” ती म्हणाली.

“हं, द्या.” साहेबांनी सहीसाठी हात पुढे केला.

“साहेब, हे वाक्य विचारायच्या आधी टाइप झालेलं आहे. मी केलेलं आहे.”

साहेबांना काही उमगले नाही. कोणालाच उमगले नाही. मला एकटीला उमगले, कारण ते वाक्य तिने केलेले नव्हते, मी केले होते. आणि भर कोर्टात तिने ते स्वतःच्या अंगावर घेतले होते. तिचा आवाज चढलेला नव्हता. नेहमीइतकाच हळू होता. पण सगळे थांबल्यामुळे तो मागच्या बाकापर्यंत आला.

“गुरुवारी हा माणूस चपला घालून आला होता,” ती म्हणाली. “माझ्या जागेवरून मला पाय दिसतात, साहेब. आज चपला हातात आहेत.”

फौजदार म्हणाले, “साहेब, पळून जायला बघत होता. पाय मुरगळला.”

साहेबांनी फुलपात्र खाली ठेवले. “दोन्ही?”

वकिलांच्या बाकावरून एक हसू फुटले आणि लगेच विझले. साहेब खुर्चीतून उठले, उंचवट्याच्या कडेपर्यंत आले आणि खाली वाकून बघू लागले. न्यायासनावरचा माणूस तसा वाकलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. मग त्या माणसाला ते म्हणाले, “चपला घाल बघू.”

त्याने एकदा फौजदारांकडे बघितले. मग चपला खाली ठेवल्या, हवालदाराच्या हाताचा आधार घेतला आणि उजवा पाय पुढे केला. पाय पट्ट्यात शिरेना. तळवा इतका सुजला होता की पाऊल पाऊल वाटत नव्हते. कडेने काळेनिळे, आणि बोटे त्या सुजेत बुडालेली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तो खरोखर मनापासून प्रयत्न करत होता, साहेबांचे सांगणे मोडू नये म्हणून. तिसऱ्यांदा त्याने दातांत ओठ धरला तेव्हा साहेब म्हणाले, “राहू दे. राहू दे बाबा.”

मग त्यांनी फौजदारांना आणि त्यांच्या माणसांना बाहेर थांबायला सांगितले.

“साहेब, आरोपी पळेल.”

“या पायांनी?”

पोलीस बाहेर गेले. शिपायाने स्टूल दिले. बसल्यावर तो माणूस बोलला, ते मी आज तीसहून अधिक वर्षांनंतरही त्याच्याच शब्दांत सांगू शकते. “चोरी मीच केली, साहेब. त्या आजीला ढकाललं बी मीच. ते म्या पहिल्या दिशीच सांगितलं. साखळी कुठं इकली ते बी सांगितलं. मंग म्हनले, बाकीच्या चोऱ्या सांग. मला ठावंच नाय त्या. काय सांगू? पाय वर बांधले न पट्ट्यानं हानलं. दोन चोऱ्या मी खोट्याच कबूल केल्या. तिसरी म्हनले तवा मला काय सुचंनाच.”

आईने माझा कागद यंत्रावरून काढला. तिन्ही कागद आणि मधले कार्बन वेगळे केले, आणि एक पूर्ण कोरा कागद चढवला. साहेब पाहिले ते सांगत गेले: कोणता पाय, किती सूज, कोणता रंग, चपला घालता आल्या नाहीत. ती टाइप करत गेली. त्या दिवशीच्या तिच्या टंकनाला मी दुसरा शब्द देऊ शकत नाही; ते शांत होते. माणसाला पोलिसांच्या ताब्यात परत न देता तपासणीसाठी दवाखान्यात आणि तिथून न्यायालयीन कोठडीत पाठवण्याचा हुकूम झाला. हवालदार त्याला न्यायला आत आले तेव्हा साहेब त्यांच्यापैकी एकाला म्हणाले, “चपला त्याच्या हातात नको. तुम्ही घ्या.” आणि गणवेशातला तो थोराड माणूस वाकला, तारेने अंगठा बांधलेली ती चपलांची जोडी त्याने उचलली आणि दोन हातांत धरून बाहेर गेला. मी देवळांत गेले आहे, डोंगरांवर गेले आहे, मोठ्या माणसांची भाषणे ऐकली आहेत. अंगावर काटा यावा, आपण फार लहान आहोत आणि तरीही इथे असायला मिळाले याचे सुख वाटावे, असे मला त्या खोलीत झाले तसे पुन्हा फारसे कुठे झाले नाही.

आम्ही दोघी बसने घरी आलो. बाबा पहिल्या पाळीवरून आलेले होते. ऐकल्यावर ते बराच वेळ राख झटकत राहिले, राख नव्हतीच.

“अगं, पण तुला काय गरज होती?” ते शेवटी म्हणाले. “त्यानेच सांगितलं ना, तक्रार नाही? आणि खाली ती बाई पडली आहे, ती कोणामुळे?”

“त्याच्यामुळे. त्याला शिक्षा व्हावी. मी टाइप करीन ती.”

“मग?”

“अहो, तुम्ही प्लँटच्या लॉगबुकात रीडिंग लिहिता. मीटर न बघता कधी लिहिता का?”

“भलतंच काय! बॉयलर फुटेल एखाद्या दिवशी.”

“मी सोळा वर्षं न बघता लिहिलं,” आई म्हणाली. “आणि आजचे पहिलेच पाय नव्हते. त्याआधीही दिसले आहेत. दोन वेळा, तीन वेळा. मी ते घरी येऊन तुम्हाला सांगितले नाहीत, एवढंच. चोराने केलं ते त्याच्या एकट्याच्या नावावर. पण गुरुवारी आपण त्याला चालत्या पायांनी दिला होता. कोर्टाने दिला, माझ्या कागदावर, सरकारचा शिक्का मारून दिला. परत आला तो असा. म्हणजे ते कोणी केलं? मारणारा एक होता का? सगळ्यांच्या वतीने मारलं त्याला. तुमच्या, माझ्या, सुमनताईंच्या.”

“पण त्याने पहिल्या दिवशीच कबूल केलं होतं, म्हणून तुला तसं वाटतं,” बाबा म्हणाले. “केलं नसतं तर?”

“मी उठले तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं,” आई म्हणाली. “ठाऊक असण्याची गरजही नव्हती.”

त्या रात्री बाबांनी स्वतः ताटे घेतली, आणि आईला पहिल्यांदा वाढले.

मावशींना बाहेरून कळू नये म्हणून आई त्याच संध्याकाळी स्वतः खाली गेली. मी दाराशी उभी होते. सगळे ऐकून घेतल्यावर मावशींनी छताकडे बघत विचारले, “माझं हाड मोडलं तेव्हा तू कुठे उभी होतीस, शालू?”

“तुमच्याजवळच, सुमनताई.”

“आणि आज?”

“आजही.”

“चोरनी बाजू लिधी तू,” मावशी म्हणाल्या. “जाय वर.”

आमचा स्टीलचा डबा त्यांनी मुलाच्या हाती परत पाठवला, घासून, पुसून, कोरडा. त्यानंतर खालून वर काही आले नाही. कोर्टात आईच्या टेबलावरचा चहाचा कपही काही दिवस येईनासा झाला. फौजदारांच्या ओळखीचे कारकून तिच्याकडे न बघता फायली ठेवून जात. पुढच्या उन्हाळ्यात तिची बदली तालुक्याला झाली. बदली व्हायची वेळ होतीच, असे सगळे म्हणाले, आणि तीही तेच म्हणे. त्या माणसाला चोरीची शिक्षा झाली. बदलीआधी आईने टाइप केलेल्या शेवटच्या कागदांत तो निकाल होता. त्यात एकही खाडाखोड नव्हती.

माझा सराव चालूच होता. आईने गठ्ठा बंद केला नाही. फक्त आता त्या वाक्याच्या जागी दोन ओळी कोऱ्या सोडायच्या होत्या. ऐकायला सोपे वाटते. पण माझी बोटे ऐकत नसत. तिथवर आले की ती स्वतःच पळू लागत, आणि ‘आरोपीस विचारणा’ एवढे उमटल्यावर मी भानावर येई. कितीतरी कागद तसे वाया गेले. आई रागावली नाही. म्हणाली, “माझीही तशीच पळतात.”

मावशींनी आईशी बोलणे सोडले, पण मला येऊ दिले. “तुझा काय दोष,” असे त्या म्हणत, आणि मला ते ऐकवत नसे. रोज सकाळी मी त्यांना वॉकर धरून खोलीत चालवत असे. पाच पावले, मग दहा. एकदा धीर करून मी सांगितले, “मावशी, ते वाक्य आई टाइप करत नव्हती. मी करायचे.” त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि म्हणाल्या, “पाय उचल, मध्ये येतो.”

कोर्टातल्या त्या सोमवारनंतर महिन्याभराने डॉक्टरांनी त्यांना अंगणापर्यंत जायची परवानगी दिली. मावशींनी इस्त्रीचे पातळ नेसले, केस विंचरून घेतले. मी त्यांच्या चपला दाराशी मांडल्या. जुन्याच, चामड्याच्या, रोजच्या. डावा पाय गेला. उजव्या, मोडलेल्या बाजूच्या पायाला सूज होती. हळूहळू उतरेल, डॉक्टर म्हणाले होते. तो पाय पट्ट्यात जाईना. मी खाली बसून पट्टा ताणला. त्यांनी पुन्हा पाय पुढे केला आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मी हात काढून घेतला.

मावशी वॉकरला धरून तशाच उभ्या राहिल्या. वरून आईचा टाइपरायटर ऐकू येत होता, रविवार होता.

“त्याच्या बी अशाच गेल्या नाहीत का?” त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

“दोन्ही पायांत?”

“हो.”

“मग त्या चपला तिथेच टाकल्या?”

“नाही. साहेबांनी हवालदाराला उचलायला लावल्या. त्याने हातात नेल्या.”

मावशींनी त्या चपलेकडे पाहिले. मग त्यांनी डाव्या पायातलीही काढली. “चोर तो चोरच शे,” त्या म्हणाल्या. “मी त्याला माफ करणार नाही, सांगून ठेवते.”

“हो, मावशी.”

“धर ह्या.”

मी चपला उचलल्या. मला वाटले, आता परत बाजेवर जायचे. पण त्यांनी वॉकर उंबऱ्यापलीकडे ठेवला, मग एक अनवाणी पाऊल, मग दुसरे. अंगणाच्या बाजूला त्या वळल्याच नाहीत. जिन्याशी गेल्या. वर चढणे त्यांना शक्य नव्हते. खालच्या पायरीशी कठडा धरून उभ्या राहिल्या, घाम पुसला, आणि मी त्यांच्या मागे दोन हातांत त्यांच्या चपला धरून.

“शालू!” त्यांनी हाक मारली. “ए शालू! खाली ये वं!”

वरचा टाइपरायटर थांबला.